ड्रम लेव्हलची सहा मिनिटे : बगॅस बॉयलरच्या ऑपरेटर स्क्रीनची फेरमांडणी

बगॅसवर म्हणजे उसाच्या चोथ्यावर चालणारा, ताशी 80 टन वाफ देणारा बॉयलर, वाफेचा दाब चौरस सेंटिमीटरला 67 किलो, तापमान 485 अंश, मागे सहवीजनिर्मितीचा टर्बाइन. सांगली जिल्ह्यातल्या कृष्णाकाठच्या साखर कारखान्यांत असे संच सर्रास दिसतात. असाच एक संच धरून हे प्रकरण मांडले आहे. कारखान्याचे नाव घेतलेले नाही. घटनाक्रम अशा बॉयलरवर जसा घडतो तसा रचला आहे आणि हिशेब ताळ्यात पाहता यावा म्हणून आकडे गोल ठेवले आहेत. विषय बॉयलर दुरुस्तीचा नाही, कंट्रोल रूममधल्या स्क्रीनचा आहे. बॉयलर ट्रिप झाला, म्हणजे सुरक्षेसाठी आपोआप बंद पडला, तेव्हा लागणारी सगळी माहिती संगणकात होती. ती ऑपरेटरच्या डोळ्यांपुढे एका जागी नव्हती.

घटनाक्रम

वेळ मध्यरात्रीनंतरची. मिलमध्ये ऊस अडकल्यामुळे गाळप वीस-पंचवीस मिनिटे थांबलेले आणि वाफेची मागणी ताशी 62 टनांवर उतरलेली. मिल पुन्हा सुरू झाली, टर्बाइनवर भार चढला आणि अर्ध्या मिनिटात वाफ 78 टनांवर गेली. ड्रममध्ये, म्हणजे पाणी आणि वाफ वेगळी होतात त्या बॉयलरच्या वरच्या टाकीत, जाणारे पाणीही तेवढेच वाढायला हवे होते. ते 60 वरच राहिले.

कारण अगदी साधे. दोन दिवसांपूर्वी ड्रमचे पाणी कमी-जास्त करणाऱ्या फीड कंट्रोल व्हॉल्व्हच्या ग्लँडमधून, म्हणजे त्याचा दांडा (स्पिंडल) बाहेर येतो तिथल्या गळतीरोधक भागातून, पाणी ठिबकत होते म्हणून फिटरने ग्लँडचे नट आवळले. गळती थांबली, पण ग्रॅफाइट पॅकिंगने स्पिंडल इतके घट्ट धरले की त्या रात्री व्हॉल्व्ह 48 टक्क्यांवर अडकून बसला. कंट्रोलर कमांड वाढवत गेला: 55, 64, 78, शेवटी 100. व्हॉल्व्ह जागचा हलला नाही.

आता हातात वेळ किती होता ते पाहू. ड्रम आतून दीड मीटर व्यासाचा आणि आठ मीटर लांब धरला, तर मध्यावर पाण्याचा पृष्ठभाग 12 चौरस मीटर होतो. लेव्हल मोजण्याची कक्षा मध्याच्या वर-खाली 400 मिलिमीटर, तीच स्क्रीनवर 0 ते 100 टक्के. म्हणजे एक टक्का 8 मिलिमीटरचा. ट्रिप 25 टक्क्यांवर, मध्यापासून 200 मिलिमीटर खाली. 12 गुणिले 0.2 म्हणजे 2.4 घनमीटर. या दाबाखाली उकळत्या पाण्याचे वजन घनमीटरला 1,000 किलो नसते, साधारण 750 असते. तेव्हा शिल्लक पाणी 1.8 टन. तूट ताशी 18 टन, म्हणजे मिनिटाला 300 किलो. भागाकार केला की सहा मिनिटे येतात. पाणी पूर्ण बंद झाले असते तर पूर्ण भारावर हीच शिल्लक 80 सेकंद पुरली असती. त्या मानाने सहा मिनिटे हा भरपूर वेळ आहे.

पण त्यातली पहिली दोन मिनिटे लेव्हलनेच फसवली. वाफेची मागणी एकाएकी वाढली की ड्रममधला दाब उतरतो, पाण्यातले बुडबुडे फुगतात आणि पाणी कमी होत असतानाही लेव्हल वर चढते. याला स्वेल म्हणतात. भार एकदम गेला की उलटे घडते, दाब वाढतो, बुडबुडे दबतात आणि लेव्हल खाली बसते, ते श्रिंक. त्या रात्री लेव्हल 50 वरून 58 वर गेली. स्क्रीनवर 58.14 असा आकडा पाहून ऑपरेटरने पाण्याची चिंता सोडली आणि दाब सावरण्यासाठी बगॅस फीडरकडे लक्ष वळवले. पुस्तकी दृष्टीनेही हे वागणे चूक नव्हते.

लेव्हल 35 वर आली तेव्हा लो अलार्म वाजला. तोपर्यंत दाब, सुपरहीटरचे तापमान, ऑक्सिजन, फर्नेस ड्राफ्ट (भट्टीतला हवेचा दाब) यांचे अलार्म आधीच ओळीने आले होते आणि लो लेव्हलची ओळ त्यांच्याखाली गेली. 35 ते 25 म्हणजे 80 मिलिमीटर, 720 किलो पाणी, 2 मिनिटे 24 सेकंद. ऑपरेटरने फीड पंप पाहिला. चित्रात तो फिरत होता. लेव्हल कंट्रोलरची खिडकी उघडली. आउटपुट 90 च्या पुढे. याचा अर्थ त्याने असा लावला की व्हॉल्व्ह जवळपास पूर्ण उघडा आहे, तरी पाणी येत नाही, म्हणजे पंप दमला. त्याने स्टँडबाय पंप चालू केला. व्हॉल्व्ह अडकलेला असताना दुसऱ्या पंपाने हेडरचा दाब वाढतो, पाणी फारसे वाढत नाही. खरा उपाय शेजारीच होता. फीड स्टेशनवर मोठ्या लाइनला समांतर 30 टक्के क्षमतेची लाइन असते, बॉयलर पेटवताना वापरतात ती. तिच्यातून ताशी 24-25 टन पाणी जाते. तूट 18 टनांची होती.

बॉयलर लो-लो लेव्हलवर, म्हणजे 25 टक्क्यांवर, ट्रिप झाला, आणि ते योग्यच झाले, पाण्यावाचून जळण्यापासून नळ्या वाचल्या. पण टर्बाइन बसला, मिल पुन्हा थांबली, इव्हॅपोरेटरला वाफ नाही, निघालेला रस गरम अवस्थेत टाक्यांमध्ये पडून त्यातली साखर मोडू लागली, आणि गव्हाणीपुढे ट्रॅक्टर-ट्रॉल्या व बैलगाड्यांची रांग वाढत गेली. अशा ट्रिपनंतर दाब बांधून सगळे मार्गी लागायला तास मोडतात.

जुनी स्क्रीन

22 इंची मॉनिटर, काळी पार्श्वभूमी, मधोमध चकाकत्या छटा देऊन काढलेला बॉयलर. भट्टीत हलणाऱ्या ज्वाला, फिरणारे पंखे, वाहत्या पाण्याचे बाण. पाहुण्यांना दाखवायला उत्तम. या एका पानावर शंभरावर आकडे, सगळे एकाच आकाराचे, सगळे दोन दशांशांपर्यंत. ड्रम लेव्हल 52.37 आणि ईएसपीच्या (धुरातली राख पकडणाऱ्या यंत्राच्या) एका फील्डचा करंट 212.40 यांना स्क्रीनवर सारखीच किंमत.

चार गोष्टी चार ठिकाणी होत्या. लेव्हल मुख्य पानावर, वाफेचा फ्लो स्टीम पानावर, पाण्याचा फ्लो फीड वॉटर पानावर आणि कंट्रोलरचे आउटपुट दाबल्यावर उघडणाऱ्या खिडकीत. ताशी 78 टन बाहेर जातात आणि 60 आत येतात ही वजाबाकी ऑपरेटरने डोक्यात करायची, तीही पाने उलटत, कर्णा वाजत असताना. 23 मार्च 2005 रोजी अमेरिकेत टेक्सास सिटीच्या रिफायनरीत 15 माणसे गेली. तिथेही टॉवरमध्ये जाणारा आणि बाहेर पडणारा प्रवाह वेगवेगळ्या स्क्रीनवर होता आणि आत किती साचले हे कुठेच एकत्र दिसत नव्हते.

व्हॉल्व्हची प्रत्यक्ष स्थिती तर कुठल्याच पानावर नव्हती. चित्राशेजारी जो आकडा दिसे तो कंट्रोलरची कमांड होती. वर्षानुवर्षे तो आकडा ‘व्हॉल्व्ह इतका उघडा आहे’ असाच वाचला गेला, कारण व्हॉल्व्ह एरवी ऐकतो. 28 मार्च 1979 रोजी थ्री माइल आयलंडच्या अणुवीज केंद्रात रिलीफ व्हॉल्व्ह उघडाच अडकला होता, आणि पॅनेलवरचा दिवा व्हॉल्व्ह बंद करण्याचा सिग्नल गेल्याचे सांगत होता, व्हॉल्व्ह बंद झाल्याचे नव्हे. चूक त्याच जातीची आहे. ती इतक्या स्क्रीनवर आजही आहे की कुठल्याही कारखान्याने आपली पाने उघडून पहिली तपासावी ती हीच.

मग रंग. या स्क्रीनवर लाल तीन अर्थांनी वापरला होता. वाफेची लाइन लाल, अलार्म लाल, आणि चालू मोटरही लाल. शेवटचे कोणाला विचित्र वाटेल, पण आपल्याकडच्या इलेक्ट्रिकल पॅनेलवर लाल दिवा म्हणजे चालू, हिरवा म्हणजे बंद, पिवळा म्हणजे ट्रिप अशीच जुनी रीत आहे. काही पाने इलेक्ट्रिकल विभागाच्या सांगण्यावरून त्या रीतीने रंगवलेली, काही स्क्रीन बनवणाऱ्याने हिरवा म्हणजे चालू धरून. फीड पंप हिरवा, आयडी फॅन (भट्टीतला धूर ओढणारा पंखा) लाल, आणि दोन्ही व्यवस्थित चालू. शिवाय लाल-हिरव्यात फरक न कळणारे पुरुष कंट्रोल रूममध्येही असतात आणि त्यातल्या पुष्कळांना स्वतःला ते माहीत नसते.

भट्टीतल्या ज्वालांबद्दल एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. ते चित्र बगॅस फीडरच्या चालू सिग्नलला जोडलेले होते. चूट जाम होऊन भट्टीत बगॅस पडत नसला तरी फीडरची मोटर फिरते, आणि पडद्यावर आग भडकलेलीच राहते. सजावटीसाठी टाकलेले चित्र असे खोटे बोलू लागले की ते नुसते निरुपयोगी राहत नाही, घातक होते.

नवी मांडणी

प्रोसेस उद्योगातल्या ऑपरेटर स्क्रीनसाठी आयएसए-101 हे मानक 2015 मध्ये आले. त्यात पानांची चार स्तरांची उतरंड सांगितली आहे: पहिल्यावर सगळ्या बॉयलरची प्रकृती एका नजरेत, दुसऱ्यावर रोजचे काम, तिसऱ्यावर एकेका यंत्राचा तपशील व इंटरलॉक (यंत्र आपोआप थांबवणाऱ्या अटी), चौथ्यावर निदान आणि मदत. इथे दुसऱ्या स्तराची चार पाने केली: ड्रम व पाणी, भट्टी व हवा, बगॅस, वाफ व टर्बाइनकडची लाइन. पाने यंत्रांच्या यादीनुसार न पाडता ऑपरेटर एका वेळी जे काम करतो त्यानुसार पाडली. बदलाचा मोठा भाग खरे तर इथेच होतो. रंग नंतर येतात.

ड्रम व पाण्याच्या पानाच्या डाव्या बाजूला उभी लेव्हल पट्टी आहे, 0 ते 100. 45 ते 55 हा नेहमीचा पट्टा थोडा गडद राखाडी. 35 व 65 वर अलार्मच्या खुणा, 25 व 75 वर ट्रिपच्या. काटा काळा. आकडा खाली, दशांशाशिवाय, कारण या लेव्हलचा अर्धा टक्का म्हणजे 4 मिलिमीटर आणि उकळत्या पाण्याची पातळी त्याहून जास्त डुलते. ट्रिप लेव्हल मोजणाऱ्या तीन ट्रान्समीटरपैकी दोघांच्या संमतीने होते, म्हणून तिन्हींचे बारीक काटे पट्टीच्या कडेला आहेत. एक भरकटला तर लगेच दिसतो. सिग्नल तुटला, म्हणजे 3.6 मिलीअँपिअरच्या खाली गेला, की आकड्याच्या जागी प्रश्नचिन्हे येतात आणि काट्यावर तिरप्या रेघा. जुन्या स्क्रीनवर शेवटचा आकडा तसाच गोठून राहायचा. गोठलेला 50 हा ड्रमच्या बाबतीत सर्वांत वाईट आकडा आहे.

पट्टीला लागून गेल्या 30 मिनिटांचा ट्रेंड म्हणजे आलेख, कायम उघडा. त्यात तीनच रेषा: लेव्हल, वाफ, पाणी. वाफ आणि पाणी दोन्ही 0 ते 100 टन याच एका मापावर, त्यामुळे दोन रेषा फाकल्या की तूट डोळ्यांना थेट दिसते. शेजारी एकच मोठा आकडा, वाफ वजा पाणी. नेहमीच्या चालीत तो ब्लोडाउन (ड्रममधून मुद्दाम सोडलेले पाणी) आणि डीसुपरहीटरच्या (वाफेचे तापमान उतरवणाऱ्या फवाऱ्याच्या) पाण्यामुळे शून्याच्या एक-दोन टन इकडेतिकडे असतो. त्या रात्री तो पहिल्याच मिनिटात 18 झाला असता. लेव्हल चढत असताना हा आकडा अधिक 18 दाखवत असेल तर चढ खोटा आहे, स्वेल आहे, हे नव्या ऑपरेटरलाही समजावून सांगावे लागत नाही.

ट्रेंडचे माप आपोआप बदलू द्यायचे नाही, हा नियम पहिल्या मसुद्यातच शिकावा लागतो. आपोआप मापाने शांत लेव्हलची दोन टक्क्यांची हालचाल डोंगरासारखी दिसते आणि खरी घसरण तशीच दिसते. माप पक्के ठेवले.

कंट्रोल व्हॉल्व्हच्या चिन्हाखाली दोन आडव्या पट्ट्या, वर कमांड, खाली प्रत्यक्ष स्थिती. स्थिती कुठून आणायची हा खर्चाचा प्रश्न. या व्हॉल्व्हचा पोझिशनर, म्हणजे कमांडप्रमाणे व्हॉल्व्ह हलवणारे उपकरण, स्मार्ट जातीचा होता आणि त्यात 4 ते 20 मिलीअँपिअर स्थितीचे आउटपुट देणारे मॉड्यूल बसत होते. एक केबल जोडी आणि पीएलसीच्या (बॉयलर चालवणाऱ्या नियंत्रण संगणकाच्या) इनपुट कार्डावरचा एक रिकामा चॅनेल एवढेच लागले. दोन पट्ट्यांत 5 टक्क्यांपेक्षा जास्त फरक 15 सेकंद टिकला की अलार्म. आधी 5 सेकंद ठेवले होते, ते चालले नाही: मोठ्या व्हॉल्व्हला पूर्ण चालीला आठ-दहा सेकंद लागतात, त्यामुळे भार बदलला की प्रत्येक वेळी अलार्म वाजे.

जिथे स्थितीचे आउटपुट मिळणे शक्य नाही तिथे कमांड आणि फ्लो एकाखाली एक काढावेत. ग्लँड आवळलेला व्हॉल्व्ह एकदम अडकत नाही. आधी काही काळ तो अडकत-सुटत चालतो. ट्रेंडमध्ये कमांडची रेषा हळूहळू तिरपी चढते, फ्लो सपाट राहतो, मग एकदम उडी मारतो, मग कमांड उलटी उतरू लागते. करवतीच्या दात्यांसारखी ही नक्षी दोन दिवस आधीपासून नोंदीत होती. दोन रेषा एकत्र कोणी काढल्या नव्हत्या म्हणून ती कोणाला दिसली नाही.

रंग आणि अक्षरे

पार्श्वभूमी फिकट राखाडी, लाल-हिरवा-निळा तिन्ही घटक 220 च्या आसपास. लाइनी आणि टाक्या गडद राखाडी, जाडी दोन-तीन पिक्सेल, छटा नाहीत, चकाकी नाही. चालू आकडे गडद निळे. पाणी, वाफ, बगॅस यांना वेगळे रंग दिले नाहीत. लाइनीच्या टोकाला नाव लिहिले. लाल, पिवळा आणि नारिंगी फक्त अलार्मसाठी राखून ठेवले, दुसऱ्या कशालाही नाहीत, कंपनीच्या बोधचिन्हालाही नाहीत.

मोटर चालू असेल तर चिन्ह पांढरे भरलेले, बंद असेल तर गडद राखाडी, आणि शेजारी ‘चालू’ किंवा ‘बंद’ हा शब्द. लाल-हिरव्याचा वाद अशाने मिटतो. इलेक्ट्रिकल विभागाच्या पॅनेलवरचे दिवे आहेत तसे राहू देता येतात. फिरणारी चित्रे काढली. पंपाच्या चिन्हाखाली मोटरचा करंट आणि डिस्चार्जचा दाब दिला, कारण पंप फिरतो आहे यापेक्षा पंप पाणी ढकलतो आहे का हे कळायला हवे.

पहिला मसुदा कंट्रोल रूममध्ये लावला तेव्हा दोन अडचणी आल्या. जुन्या मॉनिटरचा उजेड उतरलेला, समोर ट्यूबलाइटचे प्रतिबिंब, काचेवर बगॅसची बारीक धूळ. पांढऱ्या आणि गडद राखाडीतला फरक टेबलावर चांगला दिसत होता तो तिथे पुसट झाला. बंद मोटरचा राखाडी आणखी गडद केला आणि ट्यूबलाइट हलवली. दुसरे, पिवळा त्रिकोण फिकट राखाडीवर उठत नव्हता. त्याला काळी कड दिली. ऑपरेटरांची पहिली तक्रार ‘स्क्रीन मरगळलेली दिसते’ ही होती, आणि तिच्यापुढे झुकून रंग परत आणायचे नाहीत. बॉयलर ठीक चालला असताना स्क्रीनवर लक्ष वेधणारे काहीच नसावे, हीच तर मागणी आहे. ज्वालांचे चित्र मात्र त्यांना का हवे होते हे विचारल्यावर खरी गरज कळली: भट्टीत आग कशी आहे ते पाहायचे होते. तिथे कॅमेऱ्याचे चित्र वेगळ्या मॉनिटरवर दिले आणि पानावर भट्टीचे तापमान व ऑक्सिजन जवळजवळ ठेवले.

अक्षराच्या उंचीचा सोपा हिशेब: पाहण्याचे अंतर भागिले 200. 70 सेंटिमीटरवरून वाचायचे असेल तर 3.5 मिलिमीटर, तीन मीटरवरून 15 मिलिमीटर. 22 इंची फुल एचडी मॉनिटरवर एक पिक्सेल पाव मिलिमीटरचा, म्हणजे 14 आणि 60 पिक्सेल. देवनागरीत ही उंची मात्रा आणि रफार सोडून उरलेल्या अक्षराची धरावी, नाहीतर ‘हीटर’ आणि ‘डिअरेटर’ यांच्या वेलांट्या एकमेकींत मिसळतात. ओळींमधले अंतरही इंग्रजीपेक्षा जास्त लागते. लेबलांवर ड्रम लेव्हल, फीड पंप, आयडी फॅन हेच बोलण्यातले शब्द घेतले. आकडे 1, 2, 3 या रूपातले ठेवले, कारण बॉयलरवरचे गेज त्याच आकड्यांत आहेत आणि ऑपरेटर दोन्ही ताडून पाहतो.

अलार्म

24 जुलै 1994 रोजी वेल्समधल्या मिलफर्ड हेवनच्या रिफायनरीत स्फोट झाला. त्याआधीच्या शेवटच्या 11 मिनिटांत दोन ऑपरेटरांपुढे 275 अलार्म आले होते. ईईएमयूए 191 ही अलार्मविषयीची मार्गदर्शिका नेहमीच्या चालीत दहा मिनिटांत एका अलार्मपेक्षा जास्त ओझे ऑपरेटरवर नको म्हणते, आणि दहा मिनिटांत दहापेक्षा जास्त आले तर तो पूर मानला जातो. साखर कारखान्याच्या जुन्या बॉयलरवर हा पूर रोजचा असतो आणि त्याचे मुख्य कारण सेटिंगमध्ये असते.

प्रत्येक अलार्मला चार प्रश्न विचारले: कारण काय, दुर्लक्ष केले तर काय होईल, ऑपरेटरने काय करायचे, त्याला किती वेळ आहे. तिसऱ्या प्रश्नाला उत्तर नसेल तर तो अलार्म नव्हे, नोंद आहे. तो यादीत जातो, वाजत नाही. स्टँडबाय पंप बंद असल्याचा अलार्म असा कायम पेटलेला होता. बंद ठेवलेल्या यंत्राचे अलार्म त्या यंत्राच्या स्थितीशी जोडून दाबले. उरलेल्यांना प्राधान्य दिले; साधारण 80 टक्के खालचे, 15 मधले आणि 5 वरचे या प्रमाणाकडे झुकते ठेवले. पहिल्या प्राधान्याला लाल चौकोन व आत 1, दुसऱ्याला पिवळा त्रिकोण व 2, तिसऱ्याला नारिंगी चिन्ह व 3, म्हणजे रंग न ओळखणाऱ्यालाही आकार आणि आकडा पुरतो.

इथे एक इशारा द्यायलाच हवा. अलार्म थरथरू नये म्हणून मानकांच्या साहित्यात सुरुवातीचे विलंब सुचवलेले असतात: फ्लो आणि दाबाला 15 सेकंद, लेव्हल आणि तापमानाला 60 सेकंद. टाकीच्या लेव्हलला 60 सेकंद ठीक आहेत. बॉयलर ड्रमच्या लेव्हलला ते लावले आणि पूर्ण भारावर पाणी पूर्ण बंद झाले, तर 35 ते 25 मधले जेमतेम 32 सेकंद विलंबातच संपतील आणि अलार्मआधी ट्रिप होईल. इथे 3 सेकंदांचा विलंब आणि 2 टक्क्यांचा डेडबँड (अलार्म विझण्याआधी लेव्हल तेवढी परत यावी लागते) घेतला. फर्नेस ड्राफ्ट उणे 5 ते उणे 10 मिलिमीटर पाण्याच्या आसपास सतत हलतो, तिथे 15 सेकंद योग्य.

अलार्मच्या ओळीवर बोट ठेवले की त्याचे दुसऱ्या स्तराचे पान उघडते. ‘फीड व्हॉल्व्ह कमांड मानत नाही’ या अलार्मबरोबर मजकूर येतो: ‘30 टक्के लाइन उघडा. फील्ड ऑपरेटरला व्हॉल्व्हकडे पाठवा. वाफ-पाणी फरक शून्याकडे येतो का पाहा.’ 30 टक्के लाइनचे बटण त्याच पानावर, व्हॉल्व्हच्या शेजारी. उघडणाऱ्या सगळ्या खिडक्या स्क्रीनच्या उजव्या तळाशी ठरलेल्या जागीच येतात, लेव्हल पट्टी कधीच झाकत नाहीत. ट्रिप झाल्यावर पहिले कारण कोणते ते वेगळ्या चौकटीत गोठते. नाहीतर ट्रिपमागून येणाऱ्या अलार्मच्या ढिगात ते शोधत बसावे लागते.

चाचणी

काम गाळप संपल्यावर, ओव्हरहॉलिंगच्या महिन्यांत करायचे, पण तेव्हा बॉयलर थंड असतो. म्हणून आधी पाने ए-3 कागदावर छापून तिन्ही पाळ्यांच्या ऑपरेटरांपुढे ठेवली. प्रश्न ‘आवडले का’ हा नव्हता. छापील पानावर व्हॉल्व्ह अडकल्याची स्थिती काढून ‘इथे काय बिघडले आहे, आणि तुम्ही काय दाबाल’ असे विचारले. पाच सेकंदांत बोट योग्य जागी गेले नाही तर पान पुन्हा काढायचे. त्यानंतर पीएलसीमध्ये खोट्या इनपुटनी तो क्रम चालवला: वाफ 62 वरून 78, पाणी 60 वर स्थिर, लेव्हल आधी 58 पर्यंत वर, मग मिनिटाला चार टक्क्यांनी खाली. जुन्या आणि नव्या पानांवर तोच क्रम दाखवला की बदल कशासाठी आहे यावर वेगळे भाषण द्यावे लागत नाही. चाचणीनंतर सक्तीने दिलेली प्रत्येक इनपुट काढल्याची यादी करून सही घ्यावी. विसरलेले एक इनपुट हंगामात जीवघेणे ठरेल.

अग्निप्रदीपनाच्या आधी पाने पक्की झाली पाहिजेत. त्या दिवसांत दाब हळूहळू चढवायचा असतो, घाई नसते, आणि ऑपरेटरांना नवी पाने कमी भारावर हाताळायला मिळतात. पण लक्षात ठेवावे की थंड ड्रममध्ये डीपी ट्रान्समीटरची (दाबातल्या फरकावरून लेव्हल मोजणाऱ्या उपकरणाची) लेव्हल चुकीची दिसते. घनतेची दुरुस्ती दाबावरून होते आणि कमी दाबाला ती तोकडी पडते. दाब ठरलेल्या मर्यादेखाली असेपर्यंत पट्टीवर ‘गेज ग्लास पाहा’ ही सूचना, म्हणजे पातळी प्रत्यक्ष दाखवणारी ड्रमवरची काच पाहा, राहते. तसेही बॉयलरवरच्या दोन गेज ग्लासची जागा कुठलीही स्क्रीन घेत नाही; पाळी बदलताना त्या प्रत्यक्ष पाहून लेव्हलशी ताडल्याची नोंद लॉगबुकात हवी.

फीड पंपाजवळच्या 10 इंची टच पॅनेलवर वेगळी अडचण निघाली. त्याच्या सॉफ्टवेअरला देवनागरी जोडता येत नव्हती: वेलांटी चुकीच्या अक्षराला लागे, जोडाक्षरे तुटत. न बदलणारी नावे चित्र म्हणून टाकली, आकडे तसेच. अलार्मचा मजकूर चित्र म्हणून टाकता येत नाही, त्यामुळे तिथे अलार्म क्रमांक आणि शेजारी भिंतीवर लॅमिनेट केलेली मराठी यादी. हातमोजे घालून दाबायचे असल्याने बटणे 20 मिलिमीटरची, मध्ये 5 मिलिमीटर मोकळी जागा, आणि पंप थांबवण्याला दुसऱ्यांदा खात्री विचारणारी चौकट. इमर्जन्सी स्टॉप स्क्रीनवर नाही. तो पंपाजवळ लाल मशरूम बटणाच्या रूपात, थेट वायरिंगने.

या प्रकरणातून देखभालीच्या पद्धतीतही एक पायरी वाढली. कुठल्याही कंट्रोल व्हॉल्व्हचा ग्लँड आवळला की फिटर कंट्रोल रूमला कळवतो. ऑपरेटर कंट्रोलर मॅन्युअलवर घेतो, कमांड 3 टक्के वर, मग 3 टक्के खाली करतो आणि दोन पट्ट्या बरोबर हलतात का पाहतो. ड्रमच्या व्हॉल्व्हसाठी हे स्थिर भारावरच करायचे, दुसऱ्या माणसाची नजर लेव्हलवर ठेवून. खालची पट्टी मागे राहिली तर नट पाव फेरा सैल करून पुन्हा तपासायचे, आणि थोडी ठिबक राहिली तर पॅकिंग बदलण्याचे काम पुढच्या बंद दिवसाच्या यादीत लिहायचे.